घरातला ॲक्सोलॉटल आणि माझं शुद्ध पाणी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं, की टाकीतल्या त्या प्राण्याची झुलपं आखूड होत चालली आहेत. मी तेव्हा डबा भरत होते. साडेसातला कंपनीची बस चौकात येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. मी मान वर न करताच म्हणाले, "मामाजी, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"चष्मा बराबर आहे माहा," ते म्हणाले. "तू एकदा पाहून तं घे वं."

मी पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडणार आहे आणि ती मांडायची मला वाईट खोड आहे.

प्राणी म्हणजे ॲक्सोलॉटल. मूळचा मेक्सिकोतला, बेडकाच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, वीतभर लांबीचा. चार पाय, चपटी शेपटी आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन लाल कल्ले, पाण्यात पिसांसारखे डुलणारे. त्यांनाच मामाजी झुलपं म्हणत. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले टाकून पाण्याबाहेर येतं. हा येत नाही. पिल्लाच्याच रूपात पाण्यात जन्म काढतो, त्याच रूपात म्हातारा होतो. माझ्या मुलीला नेमकं हेच आवडलं होतं. अकरावीत असताना शहरातल्याच एका हौशी माणसाकडून तिनं तो आणला, बोटाएवढा, गुलाबी-पांढरा, आणि दोन वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला. घरात त्याला नाव आहे, पण ते तिनं ठेवलेलं आहे. मी ते इथे वापरणं बरं दिसणार नाही.

याला सोळा ते अठरा अंश गारवा लागतो आणि आम्ही राहतो नागपुरात. त्याच्यासाठी घरात एसी आला. "माणसं कूलरसमोर अन् मासा एसीत," असं मामाजी येईल-जाईल त्याला सांगत. ते उमरेडच्या विणकर घरातले. हातमाग बंद झाल्यावर आमच्याकडे राहायला आले, आणि दिवसभर घरात तेच असल्यामुळे टाकीसमोरची खुर्चीही त्यांचीच झाली. नवरा चंद्रपूरला नोकरीला आहे, पंधरा दिवसांतून एकदा येतो. या सगळ्या प्रकरणात त्याचा भाग तेवढाच.

मुलगी पुण्याला कॉलेजला निघाली तेव्हा फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली. नळाचं पाणी ड्रममध्ये एक दिवस ठेवायचं, क्लोरीन घालवणारे थेंब टाकायचे. आठवड्याला टाकीतलं पाव पाणी बदलायचं, जास्त नाही. फिल्टर घासूनपुसून धुवायचा नाही, कारण त्याची घाण पचवणारे जिवाणू त्यातच असतात. गांडुळं द्यायची, उजेड कमी ठेवायचा. खाली प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर. मग मला म्हणाली, "आई, तू फक्त एवढंच कर. सुधारणा करू नको."

मी हो म्हणाले. पण मी पाण्याची केमिस्ट आहे, आणि ते तिला माहीत होतं म्हणूनच ती तसं बोलली होती.

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी वीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासते. बॉयलरला नळाचं पाणी चालत नाही. क्षार साचतात, नळ्या फुटतात. म्हणून पाण्यातला क्षार न् क्षार काढून टाकतात. त्याला आम्ही डीएम पाणी म्हणतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हेच पाणी घालायचं असतं, त्यामुळे तपासणीतून उरलेल्या पाण्याचा कॅन मी अधूनमधून घरी आणते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अख्खी गल्ली बाटल्या घेऊन दारात येते. "मॅडमचं पाणी," म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं. दुसरं काही माझ्या नावानं ओळखलं जात नाही.

अशा बाईनं घरात रोज तो निळा ड्रम बघायचा, त्यात गढूळसर नळाचं पाणी, त्यात अंदाजानं टाकलेले थेंब. दोन-तीन महिने मी कळ काढली. नोव्हेंबरात मी नळाचं पाणी बंद करून डीएम पाणी सुरू केलं. वेडी नव्हते, निव्वळ डीएम पाणी अंगातले क्षार ओढून घेतं हे मला ठाऊक होतं. म्हणून मी क्षार परत घातले, अगदी हिशेबानं. कॅल्शियम घातलं, मॅग्नेशियम घातलं, खायचा सोडा घातला आणि मीठ घातलं. मीठ लॅबमध्येही असतं, अगदी शुद्ध. पण लॅबमधली चिमूटभर वस्तू घरी आणायची नाही हा माझा पहिल्यापासूनचा नियम. उरलेलं पाणी सांडूनच द्यायचं असतं, त्याला मी वस्तू धरत नाही. तेव्हा मीठ घरातलं घातलं, ओट्यावरच्या डब्यातलं. फेब्रुवारीत त्याच्या एका कल्ल्यावर कापसासारखी बुरशी आली, तेव्हा आठवडाभर रोज दहा मिनिटं मिठाच्या दाट पाण्यात ठेवण्याचा उपायही मी त्याच डब्यातून केला. बुरशी गेली. मी स्वतःवर खूश होते.

एप्रिलच्या मध्यावर मात्र चष्म्याचं कारण पुरेना. कल्ले निम्मे झाले होते, पाठीवरचा पातळ पर बसला होता, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत होते. मी पाणी तपासलं. एकदा घरी, एकदा लॅबमध्ये नेऊन. सगळे आकडे जागच्या जागी. मला इतकं बरं वाटलं, की मी मामाजींना तपासणीचा कागदच दाखवला. पाणी बरोबर तर प्राणी बरोबर, अशी माझी पक्की समजूत होती.

मामाजींनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला, परत दिला. "त्याले वाचता येत नाही वं हे," ते म्हणाले.

मग त्यानं खाणं सोडलं. अंगावरून कातडीचे पातळ पापुद्रे सुटून पाण्यात तरंगू लागले. रोज सकाळी मी ते गाळणीनं काढायची आणि बस पकडायची. माझ्या हातून याला काही झालं तर मुलीला कोणत्या तोंडानं सांगणार, एवढा एकच विचार बसमध्ये चालू असायचा.

दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करायची. "दाखव ना त्याला." पहिल्या रविवारी मी म्हणाले, गुहेत झोपलाय. दुसऱ्या रविवारी नेटला नावं ठेवली. तिसऱ्या रविवारी जानेवारीतला जुना व्हिडिओ पाठवून दिला आणि खाली लिहिलं, आत्ताचाच आहे. तिनं लाल बदाम पाठवला. तो बघून मला लाज वाटली, पण मी काही पुसून टाकलं नाही.

"पोरीले खोटं सांगून राहिली तू," मामाजी म्हणाले.

"मे अखेरीपर्यंत परीक्षा आहे तिची. उगाच जीव टांगणीला कशाला?"

"परीक्षा तिची का तुही?"

यावर मी फटकन बोलले. म्हणाले, तुम्हाला खुर्चीत बसून बोलायला काय जातं. ते उठून गच्चीवर गेले, भर उन्हात. अर्ध्या तासानं मीच ताक घेऊन वर गेले, पण माफी मागितली नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लाइट गेली. बाहेर पंचेचाळीस अंश. एसी बंद पडला आणि टाकीतला पारा चढायला लागला. मी झाकण काढून बर्फ जमवलेल्या बाटल्या पाण्यात सोडत होते. दुसरी बाटली आणायला फ्रिजपाशी गेले आणि परत आले, तर टाकी रिकामी.

तो दिवाणाखाली सापडला. फरशीवर पालथा, अंगाला धूळ आणि केस चिकटलेले, पोट भात्यासारखं चाललेलं. मी हात ओले केले, त्याला उचलला, पाण्यात सोडला, झाकण लावलं आणि वर वरवंटा ठेवला. तो तळाशी गेला. लगेच वर आला, नाकानं झाकणाला धडक दिली, बुडबुडा सोडला, खाली गेला. पुन्हा वर. पुन्हा धडक.

मामाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "त्याले बाहेर यायचं आहे."

"मामाजी, तो पाण्यातला जीव आहे. बाहेर मरेल."

"आत मरून राहिला तो. पाहून तं घे."

त्यांनी वरवंट्याला हात घातला आणि मी त्यांचं मनगट धरलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसाचा हात मी कधी अडवला नव्हता. दोघंही तसेच उभे राहिलो. घामानं माझी पकड निसटत होती तरी मी सोडत नव्हते. एवढ्यात टाकीत तो तिसऱ्यांदा वर यायला निघाला, पण पोचलाच नाही. मध्येच कुशीवर वळला आणि शेपटी न हलवता खाली जायला लागला. मी हात सोडला. मामाजींनी झाकण काढून त्याला ओंजळीत वर उचलला, नुसतं नाक पाण्याबाहेर राहील असा, आणि धरून ठेवला.

मी फ्रिजवरच्या कागदावरून डॉक्टरांना फोन लावला. ते पक्षी, कासवं असलेच जीव बघतात. त्यांनी विचारलं, कल्ले आहेत? मी म्हणाले, नुसते ठोंब राहिलेत. पाठीवरचा पर? नाही. पापण्या आल्यात का, डोळा मिटतो का? मी म्हणाले, याला पापण्या नसतात. "बघा तर," ते म्हणाले.

मी वाकून बघितलं. मामाजींच्या ओंजळीतून त्यानं माझ्याकडे बघून डोळा मिटला आणि उघडला. "मिटतो," मी फोनमध्ये म्हणाले.

"त्याचं रूप पालटतंय," डॉक्टर म्हणाले. "फार क्वचित होतं. कल्ले गेले, आता तो फुप्फुसांनी श्वास घेतोय. खोल पाण्यात बुडून मरेल. आत्ताच्या आत्ता पाणी पाठीच्या खाली आणा, एका बाजूनं चढण करून द्या. चोळू नका, कातडी ओढू नका. गार, ओलं, अंधारं ठेवा. काही दिवस खाणार नाही, कोंबू नका."

"वाचेल ना?"

"सांगता येत नाही. बरेचसे या बदलातच जातात." मग त्यांनी विचारलं, "आयोडीनशी संबंध आला होता का कुठे? जखमेचं औषध, थायरॉइडची गोळी, असलं काही? त्यानं हे सुरू होऊ शकतं."

"अजिबात नाही," मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी साहेबांसमोरही बोलत नाही.

मामाजींनी गच्चीवरून छपराचं जुनं कवेलू आणलं, धुतलं, टाकीत तिरपं टाकलं. मी नळी लावून पाणी काढलं, बोटभर ठेवलं. तो कवेलूवर चढला आणि अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असा पडून राहिला. संध्याकाळी लाइट आली. मी वरण फोडणीला टाकलं, मिठाचा डबा उघडला तर तळाला आला होता. नवीन पाकीट फोडायला घेतलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आयोडीनयुक्त.

हा शब्द मी हजार वेळा वाचला असेल. शाळेत गलगंडाच्या धड्यात वाचला, किराण्याच्या यादीत लिहिला. मी केमिस्ट आहे आणि सहा महिने मी एका जिवाच्या पाण्यात ते मोजून, वजन करून, दशांशापर्यंत घालत होते. मी गॅस बंद केला आणि पाकीट पालथं ठेवलं. मला रडू येत नव्हतं. स्वतःचा राग येत होता, नुसता राग.

डॉक्टरांना पुन्हा फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मिठातल्या एवढ्याशा आयोडीननं होईलच असं नाही. कधीकधी दुसऱ्या जातीशी संकर झालेला असतो, ते रक्तातच असतं. नक्की कारण सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणाला त्यानं बरं वाटलं असतं. मला एवढंच कळलं, की आता मला जन्मभर खात्री होणार नाही.

मामाजींनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "करायले गेली गणपती अन् झाला मारुती," ते म्हणाले, मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "रंग चुकलेलं सूत मागं पांढरं होत नाही वं. मग आहे त्या रंगात काय विणता येते, ते पाहा लागते."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही, फक्त फोन आठवतात. दहाला, एकला आणि चारला मी लॅबमधून घरी फोन करायची. "आहे?" "आहे." एवढंच बोलणं. मामाजी दर दोन तासांनी बर्फाची बाटली बदलायचे, ओला स्पंज पिळून कवेलू भिजवायचे. कातडी सुटली की तिला हात न लावता पाण्याचा थेंब सोडून ती आपोआप घसरेल असं करायचे. मी करायला गेले तर थेंब भलतीकडेच पडायचा. ओलं सूत न तोडता उकलण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्यापुढे मी हात मागे घेतला. तो वाळत चालला होता, बरगड्या दिसत होत्या. गांडूळ समोर ठेवलं तर तोंड फिरवत होता. रोज सकाळी दिवा लावण्याआधी मी अंधारातच टाकीपाशी उभी राहायची, कारण दिवा लावल्यावर काय दिसेल याची धास्ती वाटायची.

सोळाव्या दिवशी एकच्या फोनला कुणी उचललं नाही. सव्वाला नाही, दीडला नाही. मी साहेबांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि रिक्षा केली. हिंगणा रोडवर ट्रकांची रांग लागली होती आणि त्या उन्हात मी रिक्षात बसून मुलीला सांगायची वाक्यं जुळवत होते. एकही पुरं होत नव्हतं.

दाराला कुलूप. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं, आत धावले. नेहमीच्या जागी तो नव्हता. मी काचेला नाक लावलं. मग दिसलं, तो कवेलूच्या वरच्या टोकाला, पाण्यापासून पार लांब, टाकीच्या कोपऱ्यात चारही पायांवर उभा होता. आजवर तो पडलेला असायचा. त्याचा गळा शांतपणे वरखाली होत होता.

मामाजी घामाघूम होऊन आले, हातात पिशवी. मोबाइल घरीच विसरले होते. नर्सरीतून बारीक गांडुळं आणायला गेले होते, मोठी त्याला जात नसतील म्हणून. त्यांनी एक चिमट्यात धरून त्याच्यासमोर हळूच हलवलं. तो बघत राहिला. मग पुढे झाला आणि गिळलं. मामाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, दुसरं गांडूळ काढलं. मी पदर तोंडाला लावून रडले. त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

मुलगी जूनच्या सुरुवातीला आली. तिची बॅग खाली टेकायच्या आत मी सगळं सांगितलं: पाणी, मीठ, दिवाण, जुना व्हिडिओ. ती बूट न काढताच आत गेली. तिथे मऊ गुलाबी पिल्लाऐवजी सडसडीत, जाड कातडीचा, फुगीर डोळ्यांचा एक प्राणी तिच्याकडे बघून पापण्या मिटत होता.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून."

"आणि मी दर रविवारी विचारत होते."

"तुझी परीक्षा..."

"तो माझा होता, आई. मेला असता तरी मला कळायला पाहिजे होतं."

मिठाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ती मिठाबद्दल बोलेल म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती, डॉक्टरांचं म्हणणंही पाठ केलं होतं. ते सगळं तसंच राहिलं.

ती तीन आठवडे राहिली. त्याच्यासाठी बसका, रुंद पेटारा केला, तळाला ओलं कोकोपीट, लपायला झाडाची साल, कोपऱ्यात उथळ ताटली, वर जाळीचं झाकण. गारवा अजूनही लागतो, खाणं मात्र आठवड्यातून दोन-तीनदाच. किती वर्षं जगेल, सांगता येत नाही. पाण्यातले बारा-पंधरा वर्षं जगतात, असे बाहेर आलेले बहुधा कमी. निघायच्या दिवशी तिनं चिमटा आजोबांच्या हातात दिला आणि सगळं दोनदा समजावून सांगितलं.

"मी बघीन गं," मी मागून म्हणाले.

"नको. आजोबा बघतील."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते आणि भांडणातून आमचं नेहमीच काहीतरी मार्गी लागतं. मी तिच्या डब्यात पुऱ्या भरल्या.

नंतर ती फोन करायची, माझ्याशी बोलायची, मेसच्या भाज्यांना नावं ठेवायची. पण त्याच्याबद्दल विचारायचं झालं की "आजोबांना दे." मी फोन नेऊन द्यायची आणि स्वयंपाकघरात यायची.

डिसेंबरात उमरेडला मामाजींच्या पुतणीचं लग्न निघालं. दोन दिवस जावं लागणार होतं. मला वाटलं, जाताना चिमटा मला देतील. त्यांनी तसं केलं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी नातीला फोन लावला, कानाला कमी येतं म्हणून स्पीकरवर.

"पोरी, मी दोन दिवस नाही आहो. तुह्या आईले सांगू काय त्याचं पाहाले?"

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. पलीकडे होस्टेलच्या पोरींचा गलका ऐकू येत होता, तिचा आवाज येत नव्हता. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी मी ती उलटली नाही.

"दोनच दिवस ना, आजोबा?"

"दोनच."

"बरं. पण तिला सांगा, ताटलीत पाणी तुम्ही भरून ठेवाल तेच घालायचं."

मी स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं "हो" म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं.